यंत्राची खोती

पैसे मोजून घेतलेल्या वस्तूचा धनी कोण, असा प्रश्न आमच्या वडिलांस कोणी विचारला असता, तर त्यांनी विचारणाऱ्याच्या कपाळास हात लावून ताप आहे काय हे पाहिले असते. ज्याने पैसे दिले, ज्याच्या नावाने पावती फाटली आणि ज्याच्या अंगणात वस्तू उभी आहे, तो तिचा धनी. यापरते त्यात काही समजावयाचे नव्हते. परंतु अलीकडे शेतीच्या कामाची अशी यंत्रे बाजारात येऊ लागली आहेत की ज्यांचे लोखंड घेणाऱ्याचे, पण बुद्धी विकणाऱ्याची. लोखंड आपले, म्हणून डिझेल आपण घालावे आणि हप्ते आपण फेडावे. बुद्धी त्यांची, म्हणून यंत्र अडले असता ते का अडले हे सांगण्याचा अधिकारही त्यांचाच. या व्यवस्थेस आम्ही यंत्राची खोती म्हणतो, आणि हा शब्द आम्ही रागाच्या भरात योजलेला नाही.

खोती म्हणजे काय हे जुन्या कुलाबा जिल्ह्यातील माणसास सांगण्याची गरज नाही. बांध घालणारा कुळ, चिखल तुडविणारा कुळ, पेरणारा व कापणारा कुळ. आणि तरीही खळ्यावरच्या राशीस हात लावण्यापूर्वी खोताच्या तोंडाकडे पाहावे लागे. अलिबागेजवळच्या चरी गावी १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली संप झाला आणि तो सुमारे सहा वर्षे चालला, तो याच गोष्टीसाठी. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई कायदेमंडळात खोती मोडण्याचे विधेयक मांडले. कायदा होण्यास मात्र १९४९ साल उजाडावे लागले. जमिनीतून जी गोष्ट आपण एवढ्या सायासाने घालविली, ती यंत्राच्या पेटीत बसून मागल्या दाराने येत असेल, तर तिला तिच्या जुन्याच नावाने हाक मारणे बरे.

आमच्या पनवेलीस दुरुस्तीचा धंदा काही नवा नाही. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरात येथील मुख्य उद्योग म्हणून बैलगाडीच्या चाकांचा उल्लेख सापडतो. बंदरावरचा माल बोरघाट चढून देशावर जाई, आणि त्या वाटेवरच्या गाड्यांस चाके पुरविण्याचे काम पनवेलच्या सुतारांनी केले. त्या चाकाचा एक गुण असा होता की ते पनवेलीस घडले असले, तरी खोपोलीस मोडल्यास खोपोलीचा सुतार त्यास आरा बसवी आणि तळेगावास धाव सैल झाल्यास तेथला लोहार ती तापवून चढवी. पनवेलच्या सुताराने कधी असे म्हटल्याचे ऐकिवात नाही की, चाक मी केले आहे, सबब ते माझ्याखेरीज कोणी उघडू नये. लोखंडी नांगर आला तेव्हाही तसेच झाले. किर्लोस्करांचा नांगर शेतकऱ्याने प्रथम संशयाने पाहिला, पुढे डोक्यावर घेतला. आणि त्याचा फाळ झिजला की तो बदलण्याचे काम गावातच होऊ लागले. पुढे पाण्याची तेलइंजिने आली. राजकोटकडच्या इंजिनाचा पिस्टन कोठे मिळतो आणि नोझल कोण साफ करतो, हे शाळेतल्या पोरासही ठाऊक असे. यंत्र परक्याचे, पण ज्ञान गावाचे, अशी ही घडी होती. तिच्यामुळेच यंत्र गरीब शेतकऱ्यास परवडले.

ती घडी विसकटण्यास कारण झाले ते सॉफ्टवेअर. पन्नास अश्वशक्तींवरील ट्रॅक्टरांस १ जानेवारी २०२३ पासून प्रदूषणाचे नवे कडक नियम लागू झाले, आणि ते पाळण्यासाठी बहुतेक कारखानदारांनी इंधनाचा पुरवठा विजेच्या मेंदूच्या हाती दिला. पूर्वी डिझेल किती व केव्हा सोडावयाचे हे पंपाचा दांडा ठरवी. आता ते एक छोटी पेटी ठरविते. तिला जागोजागच्या सेन्सरांकडून वर्दी जाते. वर्दी चुकली की पेटी इंजिनाची शक्ती कमी करते, किंवा ते चालूच होऊ देत नाही. यात वाईट काही नाही. धूर कमी होतो आणि डिझेलही वाचते. वाईट एवढेच की पेटीला काय दुखते हे विचारण्याचे जे साधन, ते कंपनीच्या माणसाच्या पिशवीत असते आणि बाजारात सहसा मिळत नाही.

आमच्या तालुक्यातील पॉवर टिलर व लहान ट्रॅक्टर अद्याप बहुतांशी जुन्याच पद्धतीचे आहेत, हे आम्ही जाणतो. खाचरे लहान, तेथे मोठ्या यंत्राचे काम काय, असेही कोणी म्हणेल. परंतु खारजमिनीवर आणि उन्हाळी भाजीपाल्याच्या मशागतीस भाड्याचे मोठे ट्रॅक्टर येतात. सरकारी योजनेतून मिळणाऱ्या सौर पंपाचा कंट्रोलर तर पूर्णपणे याच जातीचा आहे. त्यावर पुरवठादाराने पाच वर्षे देखभाल करावयाची असते. ही अट चांगलीच आहे; पण सहाव्या वर्षी ती बंद पेटी कोण उघडणार, याचे उत्तर योजनेच्या माहितीपत्रकात आम्हास सापडले नाही.

एक उदाहरण देतो. आमच्या एका सभासदाने भरवशाने घेतलेला नवा ट्रॅक्टर ऐन चिखलणीत अडला. गावच्या मेकॅनिकने तासाभरात दोष शोधला: उंदराने एक वायर कुरतडली होती. त्याने ती जोडलीही. परंतु पेटीने एकदा दोषाची नोंद केली की ती पुसण्यासाठी कंपनीचे यंत्र लागते, आणि ते यंत्र घेऊन येणारा माणूस सहाव्या दिवशी उगवला. त्याचे काम दहा मिनिटांचे होते. सहा दिवस म्हणजे फार नव्हेत, असे शहरातील मनुष्य म्हणेल. भाताचे रोप एकवीस ते पंचवीस दिवसांचे झाले की लावावे लागते. त्यापुढे ते राबात जून होते आणि लावल्यावर त्यास फुटवे कमी येतात, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. त्यात मजुरांची ही दशा. १९७० साली सिडको आल्यापासून येथली जमीन व माणूस दोन्ही शेतीतून जात आहेत. आता विमानतळ सुरू झाल्यामुळे लावणीस माणूस मिळणे आणखी दुर्घट होणार. माणूस नाही म्हणून यंत्र घ्यावयाचे आणि यंत्र कुलूपबंद म्हणून हात जोडून बसावयाचे, अशी ही कोंडी आहे.

हे कुलूप कोणत्या कायद्याच्या आधारावर लागले आहे, हे पाहू गेल्यास मौज वाटते. तो आधार आहे कॉपीराइटचा. म्हणजे जो कायदा ग्रंथकारांच्या रक्षणासाठी निघाला त्याचा. पेटीतील सॉफ्टवेअर हा कायद्याच्या दृष्टीने एक ग्रंथच होय. जुन्या मराठी पुस्तकांच्या पहिल्या पानावर ‘सर्व हक्क स्वाधीन’ असे छापलेले आपण पाहतो. त्याचा अर्थ एवढाच की कोणी ते पुस्तक चोरून छापू नये. पुस्तकाची शिवण उसवली तर ते बांधणाऱ्याकडे नेण्यास, समासात टिपा करण्यास, शेजाऱ्यास वाचावयास देण्यास किंवा शेवटी रद्दीत घालण्यास ग्रंथकाराची परवानगी कोणी घेत नाही. यंत्रात बसलेल्या ग्रंथाबाबत मात्र कारखानदार म्हणू लागले की, तुम्ही ग्रंथ घेतलेलाच नाही, तो वापरण्याची मुभा तेवढी घेतली आहे.

अमेरिकेत हे उघडपणे म्हटले गेले. तेथे १९९८ साली असा कायदा झाला की सॉफ्टवेअरवरील कुलूप फोडणे हाच अपराध, मग फोडणाऱ्याचा हेतू काहीही असो. सूट हवी असल्यास ती दर तीन वर्षांनी मागावयाची. २०१५ साली जॉन डिअर कंपनीने तेथील कॉपीराइट कचेरीपुढे असे निवेदन केले की, ट्रॅक्टर घेणाऱ्यास त्यातील सॉफ्टवेअरची मालकी मिळत नाही; यंत्राच्या आयुष्यापुरता ते चालविण्याचा गर्भित परवाना तेवढा मिळतो. त्याच वर्षी कचेरीने ट्रॅक्टरांच्या दुरुस्तीपुरती सूट दिली. पण सूट मिळाली तरी साधन मिळेना. तेव्हा तेथील काही शेतकरी पूर्व युरोपातून आलेली फोडलेली सॉफ्टवेअरे वापरू लागल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले. कायद्याने चालणाऱ्या माणसास चोरबाजाराची वाट दाखविणारी ही व्यवस्था आहे. पुढे कोलोरॅडो राज्याने २०२३ साली शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाने याच कंपनीवर दुरुस्तीच्या मक्तेदारीबद्दल दावा दाखल केला.

या कुलपाचा हात किती लांब पोचतो, याचे एक उदाहरण युद्धभूमीवरचे आहे. २०२२ साली रशियन सैनिकांनी युक्रेनमधील मेलितोपोल येथील एका विक्रेत्याकडून ट्रॅक्टर व कापणीयंत्रे लुटून थेट चेचन्यात नेली. तेथे पोचल्यावर पाहतात तो यंत्रे चालू होईनात. ती दुरूनच बंद करण्यात आली होती. लुटारूंची फजिती झाली याचा आनंद आम्हासही झाला. परंतु आनंद ओसरल्यावर मनात आले की जी किल्ली लुटारूचे यंत्र बंद करू शकते, ती हप्ता चुकलेल्या शेतकऱ्याचेही बंद करू शकते. किल्ली ज्याच्या हाती असते तोच खरा धनी.

आपल्या देशाची स्थिती कागदावर पुष्कळच बरी आहे, आणि हे फार थोड्यांस ठाऊक आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली जे ६५ अ हे कलम घातले गेले, त्याप्रमाणे सॉफ्टवेअरवरील कुलूप उघडणे हा स्वतःच अपराध ठरत नाही. हक्काचा भंग करण्याच्या हेतूने ते उघडले तरच तो अपराध होतो. चोरून नक्कल करून विकणारा दोषी, आणि बंद पडलेले यंत्र चालू करणारा निर्दोष, असा विवेक आपल्या कायदेमंडळाने केला आहे. तेव्हा आपल्याकडे कुलूप कायद्याने लावलेले नसून दुकानाने लावलेले आहे. दोष शोधण्याचे साधन विकावयाचे नाही, दुरुस्तीचे पुस्तक द्यावयाचे नाही, सुटा भाग फक्त आपल्याच दुकानात ठेवावयाचा आणि बाहेरच्या मेकॅनिकचा हात लागल्यास वॉरंटी गेली म्हणून सांगावयाचे, हे ते कुलूप.

ते बेकायदा असू शकते, असे आपल्याच देशात ठरलेले आहे. मोटारगाड्यांच्या बाबतीत २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा कंपन्यांस मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड सांगितला. कारण हेच, की त्या सुटे भाग व दोष शोधण्याची साधने बाहेरच्या गॅरेजांस मिळू देत नव्हत्या. आमचे बौद्धिक हक्क आहेत, हा बचाव तेथेही झाला आणि आयोगाने तो मानला नाही. त्या निकालावर पुढे अपिले झाली. तरी त्यातील तत्त्व शेतकऱ्याने लक्षात ठेवण्यासारखे आहे. मोटारगाडी बंद पडली तर धनी रिक्षाने कचेरीस जातो. लावणी रिक्षाने होत नाही.

या वादात शेतकऱ्याचे बळ कोठे आहे असे आम्हास कोणी विचारील, तर आम्ही त्यास बियाण्याच्या कायद्याकडे बोट दाखवू. वनस्पतींच्या वाणांवर पैदासकाराचा हक्क मानणारा कायदा २००१ साली झाला, तेव्हा त्याच कायद्यात शेतकऱ्याचाही हक्क लिहिला गेला. संरक्षित वाणाचे बी राखून ठेवणे, पुन्हा पेरणे, शेजाऱ्यास देणे, बदलून घेणे, इतकेच नव्हे तर विकणे, हे सर्व शेतकऱ्यास मोकळे ठेवले. बंदी फक्त छापाचे बी म्हणून विकण्यास. पेप्सिको कंपनीने २०१९ साली बटाट्याच्या आपल्या नोंदलेल्या वाणावरून गुजरातेतील शेतकऱ्यांवर दावे लावले, काहींकडून एक कोटीहून अधिक रुपये मागितले, आणि देशभर ओरड होताच महिनाभरात ते मागे घेतले. त्या वाणाची नोंदणी डिसेंबर २०२१ मध्ये रद्द झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द करण्याचा हुकूम बाजूस सारला, ही त्या प्रकरणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. परंतु कंपनीची नोंदणी राहिली तरी शेतकऱ्याचा हक्क त्याच कायद्याच्या पुस्तकात शेजारच्या पानावर कायम आहे. पैदासकाराचे श्रम आणि शेतकऱ्याचा वापर, या दोहोंस एका कायद्यात जागा देता येते हे २००१ साली सिद्ध झाले. बियाण्यास जे मिळाले ते यंत्रास का मिळू नये? ट्रॅक्टरचे सॉफ्टवेअर हे काही कर्जतच्या भाताच्या वाणाहून अधिक पवित्र नव्हे. आणि वाण सिद्ध करण्यास वर्षे कमी लागतात असेही नव्हे.

केंद्र सरकारच्या ग्राहक खात्यास हे पटलेले दिसते. जुलै २०२२ मध्ये त्याने दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि ज्या चार क्षेत्रांचा प्रथम विचार व्हावयाचा, त्यांत शेतीची अवजारे घातली. त्याच वर्षी डिसेंबरात त्यासाठी संकेतस्थळही उघडले. इथवर ठीक झाले. पुढे २०२५ साली दुरुस्तीसुलभतेचा निर्देशांक काढण्याची योजना पुढे आली, ती मोबाइल व घरगुती उपकरणांची. शेतीची अवजारे मागे राहिली, आणि स्वतंत्र कायदा तर झालाच नाही. मोबाइल बिघडल्याने होणारी गैरसोय आम्ही कमी लेखत नाही. आमच्या घरातील तरुण मंडळी तसे करू देणार नाहीत. परंतु चार क्षेत्रांत नाव घेऊन पंक्तीस बसवावे आणि वाढताना पुढे निघून जावे, ही रीत शेतकऱ्याच्या वाट्यास नेहमीच का यावी?

कारखानदारांचे म्हणणे आम्ही ऐकून घेतले आहे. ते म्हणतात की पेटी सर्वांस खुली केली तर लोक इंजिनाची शक्ती वाढवून धुराचे नियम मोडतील, आणि अपघात होतील. यात तथ्य आहे. अशी करामत करणारे लोक आमच्याही पाहण्यात आहेत. पण दोष वाचणे व पुसणे निराळे, आणि इंजिनाचे मूळ प्रमाण बदलणे निराळे. पहिले खुले करून दुसऱ्यावर मोहोर ठेवता येते. वजनकाट्यावर सरकारी मोहोर असते, म्हणून काट्याची साखळी तुटल्यास ती कोणी जोडूच नये असे होत नाही. दुसरे म्हणणे श्रमांच्या मोबदल्याचे. तो मोबदला यंत्राच्या किमतीत आम्ही देतो, आणि कुरकुर न करता देतो. एकदा दिलेला मोबदला प्रत्येक बिघाडाच्या वेळी पुन्हा मागावयाचा, हा व्यापार नव्हे.

आता कायदा होईल तेव्हा होवो. आज हाती असलेल्या साधनांचा तरी उपयोग व्हावा. शेतकरी हा ग्राहक आहे, तो धंद्यासाठी माल घेणारा व्यापारी नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात दिला आहे. तो बियाण्यासंबंधी असला तरी यंत्रासही त्याचा आधार घेता येतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पोटासाठी स्वतः राबून वस्तू वापरणाऱ्यास ग्राहकच मानले आहे; पाचसहा ट्रॅक्टर भाड्याने फिरविणाऱ्यांचे प्रकरण मात्र वादात पडू शकेल, हे त्यांनी ध्यानात ठेवावे. आपल्या जिल्ह्याचा आयोग अलिबागेस आहे. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असल्यास तक्रारीस फी नाही, दहा लाखांपर्यंत दोनशे रुपये आहे. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत केली पाहिजे. आता ती घरबसल्या संगणकावरूनही दाखल करता येते. मात्र पावती, वॉरंटीचा कागद आणि तक्रार केल्याची लेखी पोच, ही तीन कागदपत्रे नसतील तर कायदा कितीही चांगला असून उपयोग नाही. दुकानदाराच्या फोनवरील गोड शब्दांवर विसंबून तारखा घालविणारे लोक आम्ही दरसाल पाहतो.

याहून मोठे साधन सरकारच्या हाती आहे, आणि त्याचा उपयोग का होत नाही याचे आम्हास आश्चर्य वाटते. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत अवजारांवर ठरलेल्या कमाल मर्यादेत किमतीच्या चाळीस ते पन्नास टक्के अनुदान मिळते. त्यासाठी यंत्राची सरकारमान्य संस्थेत तपासणी झालेली असावी लागते. मध्य प्रदेशातील बुधनी येथे यासाठी केंद्र सरकारची मोठी संस्था आहे. तेथे यंत्राची ओढ, डिझेलचा खर्च, ब्रेक, सर्व काही तपासतात. त्या अहवालात आणखी एक पान वाढवावे. दुरुस्तीचे पुस्तक मराठीत मिळते काय, दोष वाचण्याचे साधन बाहेरच्या मेकॅनिकास योग्य किमतीत विकले जाते काय, आणि सुटे भाग किती वर्षे मिळतील याची हमी आहे काय, हे त्या पानावर लिहावे. उत्तर नकारार्थी असल्यास अनुदान नाही. यास नवा कायदा नको, खात्याचा एक आदेश पुरे. जनतेचा पैसा घालून घेतलेले यंत्र जनतेच्या मेकॅनिकास उघडता येऊ नये, हे आम्हास तरी न्यायाचे वाटत नाही.

सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे या वर्षी अनेक सभासद नव्या यंत्राच्या विचारात आहेत. एकेकट्या शेतकऱ्याच्या प्रश्नास विक्रेता हसून चहा पाजतो. दहा जणांची मागणी एकत्र आली की तो कंपनीस पत्र लिहितो. म्हणून ज्यांस यंत्र घ्यावयाचे आहे त्यांनी यंत्राचा प्रकार व अश्वशक्ती संस्थेच्या कार्यालयात अक्षय्य तृतीयेपूर्वी लिहून द्यावी. दुरुस्तीचे पुस्तक, दोष वाचण्याचे साधन आणि सुट्या भागांची मुदत या तीन गोष्टींची लेखी हमी संस्था सर्वांच्या वतीने मागणार आहे. जो विक्रेता ती देईल, त्याचे दरपत्रक सभेपुढे ठेवले जाईल.